खिडकीतली वीज

कविता सुरू करण्याआधी मराठीचे सर वर्गाच्या सगळ्या खिडक्या उघडत. आमच्या शाळेतल्या कड्या गंजलेल्या, त्यामुळे हा कार्यक्रम डस्टरने ठोकूनच व्हायचा. शेजारच्या वर्गात मी गणित शिकवायचे. मधली भिंत पातळ. ठोकाठोक सुरू झाली की माझ्या मुलांना कळायचं, आज दहावीला विजेची कविता आहे.

पाठ्यपुस्तकातली ती कविता तशी साधी. अंधारात वीज कडाडते, झाडं वाकतात, डोंगर उजळतो आणि खिडकीत उभा असलेला कवी त्या शक्तीला हात जोडतो. सर वाचू लागले की पोरांनी बाकं वाजवून गडगडाट करायचा. आधी हळू, मग जोरात. दर वर्षी पोरं बदलायची, ही पद्धत बदलायची नाही. मी वैतागून भिंतीवर थाप मारायचे. लगेच पलीकडून आवाज यायचा, "झालं, बाई! गेला पाऊस!"

सर मूळचे काष्टीचे. वर्गात पुस्तकी बोलायचे, स्टाफरूममध्ये गावाकडचं. डबा उघडायचे स्वतःचा आणि बघायचे दुसऱ्यांच्यात. "बाई, तुमच्या भाजीत गणित लई, मीठ न्हाई," हे मला ठरलेलं. तुमच्याही शाळेत असे एक मास्तर असतील. तेच ते वर्षानुवर्षं शिकवतात आणि दर वर्षी नव्याने खूश होतात.

कवितेवर एक नेहमीचा प्रश्न असतो. कविता आवडण्याची वा न आवडण्याची कारणे लिहा. न आवडण्याची कुणी लिहीत नाही. सरांचं उत्तर तयार होतं: 'वीज म्हणजे जणू आकाशाचे हसू. ते पाहून मन प्रसन्न होते, म्हणून ही कविता मला फार आवडते.' ते फळ्यावर लिहायचे, पोरं उतरवून पाठ करायची, मार्क मिळायचे. माझी काही तक्रार नव्हती.

मग एका उन्हाळ्यात अवकाळी आला. आमच्या नववीतल्या एका मुलीची आई काढलेल्या कांद्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकायला शेतात धावली आणि वीज तिच्यावर पडली. मुलगी बांधावरून बघत होती. जूनमध्ये ती दहावीच्या वर्गात येऊन बसली. रडणं नाही, बोलणं नाही.

त्या वर्षी सरांनी सगळं शिकवलं, ती कविता सोडून. परीक्षा विभाग माझ्याकडे होता. दिवाळी होऊन गेली तेव्हा मी त्यांना धरलं.

"सर, पोर्शन?"

"घेतो की, बाई. घाई काय हाय?"

"सराव परीक्षा तोंडावर आली."

"त्या पोरीला इचारू कसं, वीज तुला का आवडती म्हणून?"

"तुम्ही नाही विचारलं तरी बोर्ड विचारेल."

सरांनी अर्धा डबा तसाच झाकला.

शेवटी कविता घेतली, पण मला पत्ता लागला नाही. खिडक्या ठोकल्याच नव्हत्या. काय झालं ते त्यांनीच सांगितलं. त्यांनी सपाट आवाजात वाचलं. बाकाला कुणी हात लावला नाही. त्या प्रश्नापाशी आल्यावर फळ्यावर काही न लिहिता म्हणाले, "ज्याला जे वाटतं ते सांगा." मग ती मुलगी उभी राहिली.

"कवीला खिडकी हुती, सर," म्हणाली आणि खाली बसली.

"इतकी वर्षं शिकवतोय, बाई," सर म्हणाले, "आन मी नुसता खिडक्या उघडत बसलो."

मी म्हटलं, ते सगळं खरं. पण मुलीला पुढे नर्सिंगला जायचंय, एकेक मार्क कामाचा आहे. तपासणारा कोण, कुठला. आवडते असंच लिहायला सांगा.

"न्हाई सांगनार." सरांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "एका पोरीला तरी तिनं बघितलेलं लिहू द्या."

माझ्यासमोरच त्यांनी तिला बोलावलं. "बोर्डात आली कविता, तर खिडकीचं लिही. कोण काय म्हणालं तर मी हाय." तिने मान हलवली.

आणि कविता आली. पेपर सुटला तेव्हा सर केंद्राच्या फाटकाशी गाडीला टेकून उभे होते. मुलगी पळत आली. वर्षभरात तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

"सर, आली आपली कविता!"

"खिडकीचं लिहिलंस ना?"

"न्हाई, सर. तुमचंच उत्तर लिहिलं. आमच्या दादाला तुमी दिल्तं ते. आकाशाचं हसू. एक शब्द चुकला न्हाई!"

शाबासकीसाठी ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ब्येस केलंस, बाळा," सर म्हणाले. मग गाडीला किक मारू लागले. मारतच राहिले. चावी लावलीच नव्हती.

मी म्हटलं होतं तसंच झालं होतं. तरी मी फक्त चावीची आठवण करून दिली.

सर त्याच वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. निरोपाच्या दिवशी भाषणाला उठवलं, तर हात जोडून पुन्हा खाली बसले. दोन-तीनदा फोन केला, उचलला नाही.

आता मराठीला नव्या बाई आहेत. खिडक्यांचं आणि बाकांचं त्यांना पोरांनीच शिकवलं. त्यांना ते फार आवडलं. थोरल्या भावंडांकडून ते उत्तरही खाली येत राहतं. परवा पुन्हा ठोकाठोक ऐकू आली, मागोमाग गडगडाट. माझ्या वर्गात बीजगणित चालू होतं. मी भिंतीवर थाप मारली.

बाकं थांबली. पलीकडून कुणी काही म्हणालं नाही.