शालिकराम मिस्त्रीनं बसवलेलं डिझेल

भैय्याजीचं नाव काढलं की माझं डोस्कं सणकते. लाकडाचा ठेकेदार तो, वाडीत त्याचं गॅरेज, अन् त्या गॅरेजात आमच्या घरच्यायनं एकोणीस वर्षं हात काळे केले. सारी वाडी यायले शालिकराम मिस्त्री म्हणते. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, एक टोक इंजिनाले लावत, दुसरं कानाले, अन् डोळे मिटून सांगत, "तिसरा व्हॉल्व बोंबलून राहिला." घरी मी चारदा हाक मारली तरी ऐकू येत नव्हतं, ते सोडा.

चौऱ्याहत्तरमधी पेट्रोल महाग झालं. भैय्याजीकडं लिलावातली जुनी मिलिटरीची जीप होती, कोंढाळीच्या जंगलात चालणारी. त्यानं कोठून तरी डिझेल इंजिन आणलं अन् म्हणे, "शालिकराम, पेट्रोलचं काढ, हे बसव."

हे म्हणाले, "जुनंच दोन दिवस माझ्या हाती द्या, भैय्याजी. कार्बोरेटर, टायमिंग, सारं लावून देतो, पेट्रोल कमी खाईन. हे डिझेल त्याच्याहून दीड मण जड आहे. समोरचे स्प्रिंगचे पाटे बसतीन, अन् ब्रेक जुनेच. भरली गाडी घाटातून उतरवताना तुमचा ड्रायव्हर रामाजी मरन."

"रामाजीची फिकर मी करीन. बसवत नसशीन तर चालता हो!"

हे चालते झाले. भर दुपारी भरलेला डबा तसाच घेऊन घरी आले. मले त्या मेल्याचा राग आला, पण यायच्यापायी छाती फुगली, खरं सांगते. म्हटलं, अर्धी भाकर खाऊ, पण माणूस असा पाहिजे.

पाचव्या दिवशी रामाजी ड्रायव्हर आला. म्हणे, कळमेश्वरचा एक वेल्डर ते इंजिन बसवून राहिला, अन् सोमवारी मले जंगलात जा लागते.

"नाही म्हणून दे ना गा," हे म्हणाले.

रामाजी खाली पाहत बोलला, "चार लेकरं आहेत मिस्त्री. नाही कसं म्हणू?"

यायनं चप्पल घातली. मी दारात आडवी झाले. "ज्यानं हाकललं त्याच्याच दारी? काहून? लाज नाही वाटत तुमाले?"

"वाटते," म्हणे. "सरक वं."

तीन दिवस राबले. वेल्डरचं सारं काम उखडलं, तेच डिझेल नव्यानं बसवलं, पाटे वाढवले, मोठ्या गाडीचे ब्रेक शोधून बसवले. सोमवारी रामाजीच्या बाजूले स्वतः बसून भरल्या गाडीनं घाट उतरले.

अन् भैय्याजी? चौकात चहा पिता पिता साऱ्यायले सांगे, "मी म्हणत होतो ना, डिझेलच बरं? शेवटी मिस्त्रीलेही पटलं!" हे तिथंच उभे होते. मले रामाजीनं सांगितलं तवा समजलं.

मी भांडी आपटली. "बोलले काहून नाही?"

"रामाजी उतरला ना खाली? झालं मंग."

झालं? यायचं झालं असन, माझं नाही झालं! दुसऱ्या दिवशी पदर खोचला, त्याच चौकात गेले अन् साऱ्यायसमोर म्हटलं, "भैय्याजी, कोणाले काही पटलं नाही. तुमी माणूस माराले निघाले होते, म्हणून हे आले."

भैय्याजीनं कप खाली ठेवला. हे तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाही. नका बोलू म्हणा!