रेघांत राहिलेली हळद

नणंदेच्या मुलाचं लग्न ठरलं त्याच दिवशी मी फ्रिजवर यादी लावली. रात्री भात बंद. सकाळी तलावाला फेऱ्या. गोड फक्त रविवारी. आणि शेवटी, आखूड ब्लाउज शिवायला टाकणे.

धाकटी जाऊ आमच्याच सोसायटीत राहते. तीही माझ्याबरोबर फिरायला येऊ लागली. परतताना नेरूळ स्टेशनजवळ वडापाव खायची आणि तरी माझ्याआधी बारीक झाली. दोघींचीही दोन-दोन बाळंतपणं, पण तिच्या पोटावर एक रेघ नाही. माझं वजन उतरलं तसं कातडं सैल पडलं आणि बेंबीखालच्या पांढऱ्या रेघा जास्तच दिसायला लागल्या. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. रेघा फिक्या होतील, जाणार मात्र नाहीत, हेही सांगून टाकलं. तोवर ब्लाउज शिवून झाला होता.

सारसोळ्यात नणंदेकडे हळद होती. आमच्याकडे हळदीला कुणाला कोरडं सोडत नाहीत. जावेने मागून येऊन माझ्या पदराखाली, थेट पोटाला, दोन्ही हातांनी हळद चोपडली. बायका हसल्या. मीही हसले.

न्हाणीघरात साबणाने बाकी हळद निघाली, रेघांमधली निघेना. पोटावर पिवळ्या फांद्या उमटल्यासारखं दिसत होतं. जाऊ बिचारी वाटीत बेसन-दूध घेऊन आली, वाकून चोळू लागली. मग थांबली आणि अगदी मनापासून विचारलं, "वैनी, ह्या रेघा दुखतात काय?"

दोन मुलांच्या आईला हे विचारावं लागतं! तिच्या सपाट पोटापेक्षा मला त्या न कळण्याचाच जास्त हेवा वाटला. मी नाही म्हटलं आणि वाटी बाजूला ठेवली.

लग्नाच्या सकाळी मी आखूड ब्लाउजच घातला; वरून पदराने पोट नीट झाकून घ्यायला पिनांची डबी काढून ठेवली होती. तेवढ्यात जाऊ आली. तिचा पदर सारखा घसरत होता.

"वैनी, पिना हायत का?"

मी स्वतःच्या हाताने तिचा पदर लावून दिला. जरा ओढून, जरा खाली, पोट पुरतं झाकेल असा. डबी रिकामी झाली.

"तुमाला?" तिने विचारलं.

"मला नकोत."

बाहेर फोटोसाठी मामा-माम्यांना बोलवत होते. पिवळ्या रेघांसकट मी तिच्या पुढे, पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले.