पुसलेली चमक

फोटोवाल्यांच्या स्टुडिओत शिरलेला माणूस थोडा देखणा होऊनच बाहेर पडायचा. पुटकुळी, व्रण, फ्लॅशमुळे बुबुळात उतरणारा लाल ठिपका, सगळं ते संगणकावर बेमालूम पुसत. एका नवरदेवाला तर त्यांनी न मागता केस उगवून दिले होते, आणि तोही बेटा खूश होऊन गेला.

हा सफाईदार हात घरातच नडला. लेक अजून नीट बोलतही नव्हती, लाडानं सगळे तिला ठकी म्हणत. वाढदिवसाच्या फोटोत तिच्या डाव्या डोळ्यात पांढरट चमक आली. फोटोवाल्यांनी फ्लॅशला शिव्या हासडल्या आणि चमक काळी करून टाकली. पुढच्या फोटोत पुन्हा आली, पुन्हा पुसली. त्यानंतरच्या खेपेला बायको पाठीमागे उभी होती.

"दर वेळी त्याच डोळ्यात कशी येते हो?" तिनं विचारलं, आणि फोटोवाल्यांनी आधीचे मूळ फोटो पुन्हा उघडून बघितले.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ होती, कॅन्सरची. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. डोळा वाचायचा नाही, काढावा लागेल. गाठ डोळ्यातच असेल तर पोर वाचेल, अशी बहुतेक मुलं वाचतात. मागच्या नसेत शिरली असेल तर मात्र पुढचं अवघड, आणि ते काढलेला डोळा तपासल्यावरच कळेल.

"मी ती चमक पुसत होतो, डॉक्टर," फोटोवाले म्हणाले.

पुष्कळांना ती दिसतही नाही, असं बाई समजुतीनं म्हणाल्या. पण ती समजूत काही फोटोवाल्यांच्या गळी उतरली नाही.

ऑपरेशन झालं. तपासणीचा निकाल येईपर्यंत त्यांचं कशातच लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाचं कपाळच फोटोतून कापलं गेलं. नस स्वच्छ निघाल्याचं कळलं तेव्हा बायको हॉस्पिटलच्या जिन्यातच बसून रडली. फोटोवाले तिच्यासाठी पाणी आणायला म्हणून गेले आणि कितीतरी वेळ नळापाशीच उभे राहिले.

पुढे ठकीला खोटा डोळा बसवला. तो इतका हुबेहूब होता की खोड काढायला फोटोवाल्यांनाही जागा मिळाली नाही. पण अशी गाठ दुसऱ्या डोळ्यातही होऊ शकते, म्हणून काळजी आता उजव्या डोळ्यावर येऊन बसली. ठरावीक महिन्यांनी भूल देऊन तो तपासायचा, आणि तेवढा वेळ दोघांनी दाराबाहेर जीव मुठीत धरून बसायचं. मधल्या काळात फोटोवाले ठकीला स्टुलावर बसवून फ्लॅश मारत. निरोगी डोळा फ्लॅशमध्ये लाल उमटतो. जन्मभर जो लाल ठिपका पुसला, तोच ते आता शोधत. एकदा तो पांढुरका आला. पोरीला तशीच उचलून हॉस्पिटल गाठलं. डोळा ठीक होता; ठकीनं कडेला बघितलं होतं, एवढंच. कॅमेऱ्यावर विसंबू नका, असं बाईंनी बजावलं. त्यांनी मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा फ्लॅश मारला. ठकीला हे इतकं सवयीचं झालं की स्टुलावरून उतरण्याआधी ती स्वतःच विचारायची, "बाबा, लाल आला?"

शाळेसाठी फोटो हवा होता. फ्लॅशमध्ये एक डोळा लाल, खोटा तेवढा काळा. पोरं चिडवतील, आज पुसा, बायको म्हणाली. फोटोवाल्यांनी कॉलर सरळ केली, उडालेली बट बसवली, आणि डोळ्यापाशी येऊन त्यांचा हात थांबला.

"नाही गं पुसवत," ते म्हणाले.

बायको म्हणाली, मग शाळेला दुसरा काढा, खिडकीपाशी, फ्लॅशशिवाय.

लाल डोळ्याचा तो फोटो आता काउंटरच्या वर लावलेला आहे. पुढची तपासणी जवळ आली की फोटोवाल्यांची नजर दिवसभर तिकडे जाते. नवं गिऱ्हाईक हटकून विचारतं, माझेही डोळे असेच ठेवणार की काय?

"तुमचे देतो पुसून," फोटोवाले म्हणतात.