बिनसोंडेचा हत्ती

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. डायलिसिस सुरू करावं लागेल."

माझ्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत लोकरीचा हत्ती. नातीसाठी विणायला घेतला होता. धड झालं होतं, पाय झाले होते, कानही लावून झाले होते. सोंड तेवढी राहिली होती. त्या वेळी मला काय सुचलं सांगू? वाटलं, आता ह्याची सोंड कधी व्हायची. एवढी मोठी गोष्ट डोक्यात शिरतच नव्हती, मग डोकं सोंडेलाच धरून बसलं.

आमचे हे, म्हणजे नाना, शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "किती दिवस करावं लागेल?"

"कायम. आठवड्यातून तीनदा."

नाना खुर्ची शोधून बसले. मी पिशवीची चेन लावली. झालं, एवढंच झालं.

ज्यांच्या घरात हे दुखणं नवीन आलंय त्यांच्यासाठी जरा मागचं सांगते. पाय सुजायचे. चपलेचा पट्टा रुतून वळ उठायचा. तोंडाला सारखी लोखंडासारखी चव, अंगाला खाज, आणि थकवा असा की कणीक भिजवली की बसावं लागायचं. मी म्हणायचे, जळगावचं ऊन आहे, वय आहे, चालायचंच. वर गुडघे दुखायचे म्हणून दुकानातून गोळी आणून खायची, कोणाला न विचारता, वर्षानुवर्षं. डॉक्टर म्हणाले, जुनं बीपी आणि ह्या गोळ्या, दोघांनी मिळून काम केलं. तेव्हा बायांनो, गुडघ्याची गोळी विचारून खा. आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. क्रिएटिनिन म्हणजे अंगातला कचरा. किडनी तो गाळते. गाळेनाशी झाली की आकडा चढतो. माझा चढत गेला आणि मी उन्हाला बोल लावत बसले.

डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून धुऊन परत अंगात सोडायचं. एका वेळेला चार तास. त्यासाठी सुरुवातीला मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालतात, तिला कॅथेटर म्हणतात. नळीची दोन तोंडं छातीवर लोंबत राहतात, वर पट्टी. डोक्यावरून पाणी घेऊन अंघोळ बंद. मोजूनमापून पाणी प्यायचं. आणि जळगावात राहून केळी बंद! केळ्यात पोटॅशियम असतं, ते वाढलं तर हृदयाला धोका. फैजपूरची नणंद भेटायला आली ती केळ्यांचा घड घेऊन. मी घडाकडे बघतेय, घड माझ्याकडे बघतोय. शेवटी वॉर्डातल्या आयाबाई घेऊन गेल्या.

वॉर्डात ओळीने खाटा, प्रत्येकीशेजारी एक मशीन. समोर भिंतीवर घड्याळ. ते घड्याळ ज्याने कोणी लावलं असेल त्याला एकदा तिथं झोपवायला पाहिजे.

शेजारच्या खाटेवर रशीदभाई. आमच्या मेहरूण भागातलेच, घरापासून दोन गल्ल्या पलीकडचे. पिंजारी, गाद्या भरायचा धंदा. माझ्याआधी दोन वर्षं त्यांचं डायलिसिस चालू होतं, त्यामुळे तिथले जुनेजाणते तेच. पहिल्या दिवशी, अंगात किती पाणी साठलंय ते वजन करून बघितल्यावर, मी रडत होते. ते म्हणाले, "अक्का, रडू नका. डोळ्यातनं पाणी गेलं तर वजनात धरत नाहीत. लघवीतनं गेलं तरच कामाचं." मला रडता रडता हसू आलं.

दुसऱ्या आठवड्यापासून मी विणकाम घेऊन जायला लागले. मानेतल्या नळीचं एक बरं, दोन्ही हात मोकळे. हे लोकरीचे प्राणी मला सूनबाईने, वैशालीने, मोबाइलवर दाखवले होते. जपानी नाव आहे, अमिगुरुमी. क्रोशाच्या सुईने मुका खांब, म्हणजे साधा बुटका टाका, घालत गोल गोल विणायचं, आत कापूस भरायचा, डोळे लावायचे. साधं वाटतं, पण एक टाका चुकला की सशाचं डुक्कर होतं. मी कोणाकडे शिकले नाही. शिकण्यात एकच अडचण होती, मी डावरी. व्हिडिओतली बाई उजव्या हाताने विणते, तिचं गोल एकीकडे फिरतं, माझं दुसरीकडे. मग मी काय करायचे, मोबाइल कपाटाच्या आरशासमोर धरायचे आणि आरशात बघून विणायचे. वैशाली म्हणायची, "आई, तुमचा क्लास आरशात भरतो."

तर वॉर्डात मी डाव्या हातात सुई धरायचे आणि घड्याळाकडे न बघता चार तास काढायचे. ससा झाला, बदक झालं. बाकीचे खाटेवरून विचारायला लागले, आमच्यासाठी करा. पारोळ्याची एक बाई म्हणाली, मला गाय, पण कपाळावर पांढरा टिळा पाहिजे, आमच्या कपिलेसारखा. रशीदभाईंना बकरी, एक कान काळा. हत्ती मात्र पिशवीतच राहिला. त्याला हात लावला की ते डॉक्टरांचं टेबल आठवायचं.

मग डॉक्टर म्हणाले, मानेतली नळी फार दिवस ठेवता येत नाही, फिस्टुला करून घ्या. फिस्टुला म्हणजे हातातली शुद्ध रक्ताची नस आणि अशुद्ध रक्ताची नस छोटं ऑपरेशन करून जोडायची. मग ती वरची नस हळूहळू फुगते, जाड होते, आणि डायलिसिसच्या सुया तिच्यात घालता येतात. त्यांनी धुळ्याच्या सर्जनचं नाव सांगितलं. माझी धाकटी बहीण मालू धुळ्यातच असते, म्हणून तिच्याकडे उतरलो.

धुळ्याचे डॉक्टर शांत, चांगले. त्यांनी विचारलं, "आजी, लिहिता-जेवता कोणत्या हाताने?"

मी म्हटलं, "उजव्या."

खोटं काय सांगितलं? लहानपणी पारोळ्याला आई माझा डावा हात रुमालाने बांधून जेवायला बसवायची. डाव्या हाताने जेवायचं नाही, डाव्याने प्रसाद घ्यायचा नाही, डाव्याने कोणाला काही द्यायचं नाही. शाळेत पाटीवरही तेच. त्यामुळे लिहिणं, जेवणं, हळदीकुंकू, सगळं उजवं झालं. ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते तेवढं डावं राहिलं. झाडू, विळी, सुईदोरा, क्रोशा.

कमी कामाच्या हातात फिस्टुला करतात. माझा कमी कामाचा हात डावा ठरला. डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, मनगटापाशी ऑपरेशन झालं.

संध्याकाळी मालूने पट्टी बघितली, कपाळाला हात लावला आणि हाच हात का दिला म्हणून अहिराणीत सुरू झाली. "अक्का, हाऊ हात कसाले दिधा? तुनं बठ्ठं काम डावा हातवर शे ना!"

"डॉक्टरने लिहिण्या-जेवण्याचं विचारलं, विणण्याचं कुठे विचारलं?"

"तूच सांगाले पायजे ना!"

नाना बिचारे चहा ढवळत बसले. मला पाणी मोजून म्हणून घोटभरच चहा दिला होता, त्यातलाही अर्धा मी बशीतच ठेवला.

जळगावला परतल्यावर टेक्निशियन योगेशला विचारलं. तो म्हणाला, "आजी, घरी हलकं काम चालेल. पण डायलिसिस चालू असताना त्या हातात दोन सुया असणार. मनगट-कोपर हलायचं नाही. बोटं थोडी हलवली तर चालतील."

"मग माझी क्रोशाची सुई?"

तो मशीनच्या नळ्या गुंडाळायला लागला.

घरी विणा म्हणणं सोपं आहे. डायलिसिसहून आलं की अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी जरा तरतरी येते तोवर तिसरा उजाडतो. मला विणकाम पाहिजे होतं ते त्या चार तासांत. ते गेलं की ती रक्ताची लाल नळी आणि ते घड्याळ, एवढंच उरणार होतं.

फिस्टुला जाड व्हावा म्हणून रबरी चेंडू दिला होता, दिवसातून चार-पाच वेळा दाबायचा. मी दाबायचा कंटाळा करायला लागले. मनात कुठेतरी होतं, नस तयार झाली नाही तर नळी राहील, नळी राहिली तर हात मोकळे राहतील. नाना विचारायचे, "चेंडू दाबला?" मी म्हणायचे, "हो." चेंडू दिवाणाखाली.

मग एकदा मशीनवरच थंडी भरली. दात वाजायला लागले, तीन चादरी घातल्या तरी खाट हलत होती. नळीतून जंतू रक्तात गेले होते. वॉर्डातून थेट वरच्या मजल्यावर ॲडमिट. सलाइनमधून औषधं, ताप उतरतोय, परत चढतोय. डॉक्टर खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "मावशी, ह्या वेळी वाचलात. दुसऱ्या वेळचं मी सांगू शकत नाही. ही नळी निघायलाच हवी. तुमची सगळी भिस्त आता त्या हातावर आहे."

ते गेल्यावर नाना म्हणाले, "चेंडू सापडला दिवाणाखाली." मग दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मला तापापेक्षा तेच जड गेलं.

चेंडू मला आवडायचा नाही, हातात धरला की औषध धरल्यासारखं वाटायचं. म्हणून घरी आल्यावर मुठीत मावेल अशी मांजर विणली, रोज थोडी थोडी, जपून. ती रशीदभाईंच्या घरी नेऊन त्यांना दाखवली. त्यांनी दाबून बघितली.

"अक्का, ही मांजर आहे का दगड? एवढा ठासून कापूस भरतात का? दाबली की बसली पाहिजे, सोडली की उठली पाहिजे."

"तुम्ही भरा मग."

तिथेच गादीवर बसून त्यांनी ती उसवली, कापूस बोटांनी मोकळा केला, निम्मा काढून टाकला. आता मांजर दाबली की श्वास घेतल्यासारखी परत फुलायची. मी ती टीव्ही बघताना दाबली, भाजी निवडून झाली की दाबली, नानांशी भांडताना तर फार जोरात दाबली.

फिस्टुला चालू आहे हे कसं ओळखायचं, ते सांगते. मनगटावर बोटं ठेवली की आत थरथर लागते. डॉक्टर तिला थ्रिल म्हणतात. मांजर पोटाशी झोपली की कशी घुरघुरते, अगदी तशी. रोज सकाळी उठल्याबरोबर बघायची. थरथर थांबली तर चहासुद्धा न पिता दवाखाना गाठायचा. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, इंजेक्शन नाही, ओझं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. कोणी नवीन नर्स आली आणि तोच हात धरायला लागली तर आपणच ओरडायचं.

नस तयार झाली. पहिल्यांदा सुया घातल्या तेव्हा जाड सुई बघून मी डोळे मिटले. दुखलं. खोटं कशाला सांगू, अजूनही दुखतं. पण रक्त नीट चालू झालं. डावा हात उशीवर, तळवा वर करून ठेवलेला. आणि समोर घड्याळ.

अर्ध्या तासात मी वेडी व्हायला आले. उजव्या हाताने पिशवी उघडली. पिशवीत तळाशी हत्ती होता.

उजव्या हातात क्रोशाची सुई धरली. पासष्टी ओलांडलेली बाई, पण हात बालवाडीतला. डाव्या हाताच्या दोन बोटांत नुसतं काम धरायचं, बाकी सगळं उजव्याने. दोऱ्याला ताण कोण देणार? योगेशने कपड्यांचा चिमटा आणून चादरीला लावला, दोरा त्यातून ओवला. पहिल्या दिवशी एक ओळही झाली नाही. सुई निसटायची, टाका सुटायचा. मी चिडून म्हटलं, "फेकून द्या हे."

रशीदभाई म्हणाले, "फेका. पण आधी घड्याळ बघा."

बघितलं. मशीन संपायला पाव तास उरला होता.

वैशालीने मोबाइल समोर लावून दिला. व्हिडिओतली बाई आता माझ्याच बाजूने विणत होती, आरसा लागला नाही. कित्येक आठवडे उसवत, विणत, झोपत, परत उसवत एकदाची सोंड झाली. कुठे घट्ट, कुठे सैल, आणि शेवटाला एकीकडे वळलेली. तिथेच हत्तीला शिवली.

"अक्का, हत्ती रस्ता विचारतोय का कोणाला?" रशीदभाई.

"तुमच्याकडे बघून तोंड फिरवतोय."

हातातल्या सुयांवर डायलिसिस पक्कं जमलं म्हणून मानेतली नळी काढली, त्याच आठवड्यात नाना देवापुढची खडीसाखर घेऊन वॉर्डात आले. एकेका खाटेपाशी थांबून दोन-दोन खडे देत होते. रशीदभाईंनी कपाळाला लावून तोंडात टाकले. माझ्यापाशी आले तेव्हा माझ्या उजव्या हातात सुई होती, सुईवर नव्या सशाचा टाका. हात पुढे करायला गेले असते तर टाका सुटला असता.

नानांनी माझ्या सुईकडे बघितलं. मग त्यांनी खडीसाखर उशीवर उघड्या पडलेल्या माझ्या डाव्या तळव्यावर ठेवली.

त्या तळव्यावर आजवर कोणी प्रसाद ठेवला नव्हता. मी बघत राहिले. वर सुया, पट्ट्या, मनगटात घुरघुर चाललेली आणि मधे दोन पांढरे खडे. हात हलवायचा नाही, म्हणून तोंडाशी नेता येईना.

"खा ना," नाना म्हणाले.

"थांबा हो. एवढी ओळ होऊ द्या."

ओळ झाली. मग मी सुई खाली ठेवली आणि उजव्या हाताने डाव्या हातातला प्रसाद उचलला.

थकवा आहेच. उद्याही असेल, परवा परत मशीन आहे. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर एवढं करा, डॉक्टरांनी हाताचं विचारलं की जेवणाचं सांगाल तसं झाडूचं सांगा, सुईचं सांगा, हात जे जे करतो ते सगळं सांगा. आणि काही तुमच्या हातून चुकून गेलंच असेल, तर दुसरा हात आहे. तो हळू शिकतो, पण वेळ आपल्याला भरपूर आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास.