दुसऱ्या दिवशीचं पान

गंगाखेडच्या बाजारात मन्मथअप्पांचं किराण्याचं दुकान होतं. तिथे गूळ, शेंगतेल, मीठमिरची आणि कबड्डीवरची मतं असा माल मिळायचा. पहिला माल तोलून मिळे. मतं मात्र फुकट, आणि मागाल त्यापेक्षा जास्त. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि पोट असं की गल्ल्यामागून उठताना फळीला धरावं लागे. हा माणूस जन्मात कबड्डी खेळलेला नव्हता. लहानपणी एकदा पोरांनी ओढून नेलं, तेव्हा मध्यरेषेपर्यंत जाण्याआधीच धाप लागून खाली बसला होता म्हणतात. पण तालुक्याच्या संघात कोण असावा, कोणाला कोपऱ्यात उभं करावं आणि कोणाला आता घरी बसवून बैलं राखायला लावावीत, हे अप्पांइतकं ठासून सांगणारा दुसरा कोणी गोदाकाठी नव्हता.

पोळा झाला की त्यांच्या अंगात यायचं. हंगाम दसऱ्यानंतर सुरू व्हायचा, पण अप्पांचा संघ भादव्यातच तयार असायचा. गिऱ्हाईक पावशेर साखर मागायला यावं आणि अर्धा तास पकडीवरचं व्याख्यान ऐकून साखर विसरून घरी जावं, असं कैकदा झालेलं. आतून सिद्धम्मा ओरडायच्या, "संघ निवडून झाला असंल तर जरा डाळ निवडा!" अप्पा सूप मांडीवर घ्यायचे, खडे काढता काढता नागनाथची उंची कमी पडते हे समोरच्याला पटवायचे, आणि त्या दिवशी वरणात दाताखाली खडा यायचाच.

मतं सगळ्यांबद्दल होती, एका लिंबाजीला सोडून. लिंबाजी रेल्वेत गँगमन होता. दिवसभर रुळांवर घण मारायचा आणि संध्याकाळी मैदानात उतरला की समोरच्या संघाची तारांबळ उडायची. त्याच्याबद्दल काय मत द्यायचं? तो संघात असणारच. "लिंबाजी आन् बाकीचे अकरा," असं म्हणूनच अप्पा मोजायला सुरुवात करायचे. त्याची प्रत्येक चढाई त्यांना पाठ होती. चारठाण्याच्या सामन्यात शेवटच्या चढाईत त्याने तिघांना कसं बाद केलं, हे ते गुळाची ढेप मध्ये ठेवून, तीन शेंगदाणे मांडून दाखवायचे.

संघ जाहीर करण्याची गंगाखेडची रीत निराळी होती. यादी नाही, फळा नाही. दसऱ्याच्या दिवशी, सोनं लुटायला जायच्या आधी, सगळा गाव नदीकडच्या मैदानावर जमायचा. कबड्डी मंडळाचे म्हातारे आबासाहेब ताटात आपट्याची पानं घेऊन उभे राहायचे आणि निवडलेल्या गड्याच्या हातावर एकेक पान ठेवायचे. पान मिळालं तो संघात. ताट रिकामं झालं की विषय संपला. ज्यांना मिळालं नाही ते हसायचा प्रयत्न करायचे, आणि अप्पा लगेच शेजारच्याला सांगायला लागायचे की आबासाहेबांचं कुठे चुकलं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आबासाहेब वारले. ताट दत्तरावांच्या हाती आलं. दत्तराव शाळेत मास्तर. सगळ्यांना एकच नियम लावणारा, सरळ रेघेत चालणारा माणूस. अप्पांना ते पसंत होते, कारण दत्तराव दुकानात येऊन त्यांचं म्हणणं मान हलवत ऐकून घ्यायचे.

त्या दसऱ्याला अप्पा नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत उभे होते. त्यांचं सगळं लक्ष काठावरच्या गड्यांकडे. सूर्यभानला मिळालं, ठीक. वीरभद्राला मिळालं, तो अप्पांच्या साडूचा पोरगा, तरी अप्पांनी नाक मुरडलंच. शेवटचं पान दत्तरावांनी नागनाथच्या हातावर ठेवलं. नागनाथची आई बायकांच्या घोळक्यातून रडतच पुढे आली. हलगी वाजायला लागली. दत्तरावांनी रिकामं ताट उलटं करून दाखवलं.

अप्पांनी मनात मोजणी केली. बारा झाले होते. लिंबाजी कुठे होता?

"ओ मास्तर!" अप्पा मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "लिंबाजी ऱ्हायला की!"

"ऱ्हायला न्हाई, अप्पा. घेतला न्हाई."

हलगी थांबली. अप्पांच्या पायाखालची जमीन सरकली. ते किंचाळलेच, "डोकं फिरलं का तुमचं? लिंबाजीला काढून नागनाथ? आरं, त्याला काढला तर संघात ऱ्हायलं काय?"

दत्तराव शांतपणे म्हणाले, "तुमच्याच शब्दावर केलंय, अप्पा."

"माज्या?"

"गेल्या साली हा वीरभद्र दसऱ्याला सासुरवाडीत जाऊन बसला व्हता. तवा तुमी दुकानात धा जणांसमोर म्हणलाव, जो दसऱ्याला मैदानात येत न्हाई त्याला संघात घेऊच नका, मंग तो कोणी का असंना. मला ते लय पटलं. म्हणून यंदा नियम केला. वीरभद्र आला. लिंबाजी आला न्हाई. बघा की, हाय का कुठं?"

अप्पांनी गर्दीवर नजर फिरवली. लिंबाजी नव्हता. आपण असं म्हटल्याचं त्यांना आठवत होतं. तेव्हा तोंडात विडा होता, वीरभद्रावर राग होता, आणि दहा माणसं वाहवा करत होती. तेवढ्यावर एवढा मोठा माणूस संघातून उडाला? गावात आपलं कोणी इतकं मनावर घेत असेल, असं त्यांना आजवर कधी वाटलंच नव्हतं.

सोनं लुटायला न जाता अप्पा तडक लिंबाजीच्या वस्तीकडे निघाले. धापा टाकत, दर दहा पावलांवर थांबत. लिंबाजी आजारी असणार, नाहीतर रेल्वेने सुट्टी दिली नसणार, हे त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं होतं.

वस्तीवर पोचले आणि पुन्हा थबकले. पंचशीलाचे झेंडे लागले होते, अंगणं सारवलेली होती, पांढरी पातळं नेसलेल्या बाया वंदना म्हणत बसल्या होत्या, आणि पुढे पांढऱ्या सदऱ्यातला लिंबाजी लहानथोरांना ओळीत बसवत होता. त्याच्या बापाने छप्पन साली नागपूरला याच दिवशी दीक्षा घेतलेली. आज धम्मचक्राचा दिवस होता. गंगाखेडात हे कोणाला ठाऊक नव्हतं? अप्पांनाही ठाऊक होतं. वस्तीवरच्या लोकांनी आदल्या दिवशी मेणबत्त्या आणि उदबत्त्या त्यांच्याच दुकानातून नेल्या होत्या. फक्त हा दिवस आणि दसरा एकच, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

कार्यक्रम आटोपल्यावर लिंबाजीने त्यांना घरात नेलं. केशरबाईंनी, त्याच्या बायकोने, पाणी आणून दिलं. अप्पांनी घडलेलं सांगितलं. लिंबाजी ऐकत राहिला.

"पर मागच्या सालापस्तोर तू यायचास की," अप्पा म्हणाले.

"कवा आलो, अप्पा?"

"आरं, पान घ्यायला!"

"म्या दसऱ्याला मैदानात एकदाबी आलेलो न्हाई. समदी वर्सं आबासाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी माजं पान घिऊन घरी यायचे. हे पान देवाचं न्हाई, संघाचं हाय म्हणायचे. हितं, तुमी बसलाव तिथंच बसायचे. च्या प्यायचे आन् जायचे."

अप्पांना ते पटेना. ज्याची एकेक चढाई शेंगदाणे मांडून दाखवता येते, तो माणूस निवडीच्या दिवशी एकदाही समोर नव्हता, आणि आपल्या लक्षात आलं नाही? पण खरंच आलं नव्हतं. ते दरवर्षी बघायचे ते काठावरच्यांकडे. लिंबाजी आहेच, असं धरून चालायचे. तो कुठे उभा आहे, आहे की नाही, हे बघायची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती. अप्पांना स्वतःची शिसारी आली.

"मी जातो मास्तरांकडं," ते म्हणाले. "उद्याच पान आणून देतो तुजं."

लिंबाजीने मान हलवली. "घरी आणू नका. आबासाहेब मोठे व्हते, त्यांच्या तोंडाकडं बघून घेतलं. आता मैदानात द्या. उद्या द्या, परवा द्या, पर समद्यांसमोर द्या. म्या येतो. ते जमत नसंल, तर परभणीचे रेल्वेवाले लय दिवस झाले मागं लागलेत. त्यांना हो म्हणायलोय."

अप्पा दिवेलागणीच्या आत दत्तरावांच्या ओट्यावर होते. हात जोडले. आपलं म्हणणं मूर्खपणाचं होतं, तोंडाला आलं ते बोललो, हे कबूल केलं. दत्तरावांनाही वाईट वाटत होतं. माणूस काही दुष्ट नव्हता. पण त्यांनी एक पान काढलं, कागदात बांधलं आणि अप्पांपुढे सरकवलं.

"हे नेऊन द्या त्याला. तेरावा गडी म्हणून घेतो. पर परत मैदान भरवून देणं मला जमायचं न्हाई. आज तुमच्या शब्दावर नियम केला, उद्या तुमच्याच शब्दावर मोडला, तर गावात माजं कोण ऐकंल?"

"आरं, पर त्याचा दिवस हाय तो! त्यानं यावं तरी कसं?"

"म्हणून तर पान घरी पाठवायलोय."

अप्पांनी पुडीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात ज्याच्या-त्याच्यापुढे विषय काढला. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि सगळ्यांनी तेच विचारलं, घरी पान द्यायला काय हरकत आहे? अप्पा संतापायचे, तागडीतला गूळ परत डब्यात टाकायचे. पण ज्या तोंडाने नियम झाला होता, त्याच तोंडाचं आता कोणी ऐकेना. लिंबाजी परभणीकडून खेळू लागला.

हंगामातला पहिला मोठा सामना परभणीतच होता, आणि तो नेमका गंगाखेडशी. अप्पा जाणार नव्हते. सिद्धम्माच म्हणाल्या, "जावा बाई एकदाचे, घरात बसून मला खायला उठायलाव." सकाळच्या गाडीने ते परभणीला गेले आणि नेहमीसारखे गंगाखेडच्या अंगणामागे, म्हणजे त्यांच्या बाजूच्या अर्ध्या मैदानामागे, जाऊन बसले. हे त्यांचं कायमचं ठिकाण. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलायचा, तसे तेही धोतर सावरत पलीकडे जायचे. त्यामुळे लिंबाजीला चढाईवर जाताना त्यांनी नेहमी पाठमोराच बघितला होता.

आज तो समोरून आला. अप्पांनी चढाईतला त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला आणि चरकले. त्यांना वाटायचं, हा गडी वाघासारखा बेडर जात असेल. पण लिंबाजीचे डोळे भेदरलेले होते. ओठ "कबड्डी कबड्डी" म्हणत होते आणि नजर प्रत्येक हाताकडे जीव मुठीत धरून बघत होती. इतकी वर्षं हा भीत भीत जात होता आणि तरी जात होता.

आज तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. तोंडात रुमालाचा बोळा धरून बसले. लिंबाजीने सूर्यभानला बाद केलं, मग वीरभद्राला. अप्पांना कोणाच्या बाजूने ओरडावं हेच कळत नव्हतं.

सामना संपत आला तेव्हा गंगाखेड एका गुणाने मागे होतं. लिंबाजी आपल्या शेवटच्या चढाईला आला. नागनाथ कोपऱ्यात, घामाने डबडबलेला. लिंबाजी आत शिरला, हुलकावणी दिली आणि परत जायला वळला. वळताना त्याचा डावा पाय निमिषभर मागे राहतो. हे जगात दोघांनाच ठाऊक असावं, एक लिंबाजीला आणि दुसरं अप्पांना. पाठीमागून बघताना त्यांनी ते शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून देवाला हात जोडले होते.

रुमाल कधी गळून पडला ते त्यांना कळलंच नाही. गंगाखेड हरत होतं, पाय मागे राहिला होता, आणि आयुष्यभराची सवय.

"नाग्या, डावा घोटा!"

नागनाथने विचार न करता झेप घेतली. घोटा हातात आला. बाकीचे वरून पडले. लिंबाजीची बोटं रेषेपासून वीतभर अलीकडे मातीत रुतली. पाठोपाठ गंगाखेडने चढाई केली, आणखी एक गुण मिळवला आणि सामना संपला.

मैदानात एकच गलका झाला. दत्तराव धावत आले, त्यांनी अप्पांना मिठी मारली. "अप्पा, तुमीच जिंकून दिलं!" चारजणांनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला, पण अप्पांचं वजन कोणाला झेपेना. हे आपण ओरडलो, यावर त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता. त्यांनी आपल्याच ओठांवर हात ठेवला होता.

लिंबाजी अंगावरची माती झटकत गर्दीतून वाट काढत आला. कपाळ खरचटलं होतं. लोक आपोआप बाजूला झाले. अप्पांना वाटलं, शिव्या देईल, आणि द्याव्यातच असं त्यांना मनापासून वाटत होतं. लिंबाजीने वाकून नमस्कार केला, नेहमी करायचा तसाच.

"पाय बरूबर ध्यानात ठिवलाव, अप्पा," तो म्हणाला आणि आपल्या संघाकडे निघून गेला.