सांगणाऱ्याचं नाव

आमच्या गावात वर्तमानपत्र यायचं ते तुमसरहून, किराण्याच्या पुड्या बांधून. म्हणजे बातमी वाचायची तर आधी घरातली हळद संपायला हवी. रेडिओ होता एक, गावातले बडे असामी श्यामराव यांच्या ओसरीत, पण तो काय बोलला हे आम्हाला श्यामरावच सांगायचे. उरला आसाराम ढिवर, गावचा कोतवाल. त्याने गळ्यात डफडं अडकवून दवंडी दिली की ती गोष्ट खरी, असा गावाचा कायदा होता.

मी लाखनीची, सडकेच्या गावची. ट्रकवाल्यांच्या थापा ऐकत वाढलेली. लग्न होऊन आंबागडाच्या पायथ्याशी आले तेव्हा मला या भाबडेपणाचं हसूच आलं. विहिरीवर कुणी काही नवीन बोललं की सासूबाई विचारायच्या, "आसारामनं सांगतलं का?" नाही म्हटलं की विषय संपला. पुढे मीही तसंच विचारायला लागले. त्याची दवंडी कधी खोटी निघालीच नव्हती, मग हसणार कशाला?

खोटी निघाली ती एकदाच. आणीबाणी उठल्यानंतर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा.

भांडण तलावाचं होतं. गावच्या तलावातली मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या ढिवरांकडे ठेवायची की बाहेरच्या ठेकेदाराला द्यायची, हे नवी पंचायत ठरवणार होती. ढिवरटोलीचा मुरारी उभा होता. त्याच्यासमोर श्यामरावांचा माणूस होता आणि ठेकेदाराचं श्यामरावांकडे फार जाणंयेणं वाढलं होतं. मुरारीची विधवा भावजय सत्यभामा त्याच तलावातले मासे डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. तिचं घर त्या पाण्यावर चालायचं. तिच्या एका मताची तिला जितकी फिकीर होती तितकी मी पुढे कुण्या पुढाऱ्याची पाहिली नाही.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी श्यामरावांचा भाचा घनश्याम आसारामकडे आला. म्हणाला, "ग्रामसेवकाचा निरोप हाये. उद्या माणसाईचं मतदान, बायाईचं परवा. एकाच दिवशी गर्दी नको म्हनून. दवंडी दे."

आज ऐकताना तुम्हाला हे अचाट वाटेल. तेव्हा नाही वाटलं. रॉकेल वाटायचं तर मोहल्ल्यांचे दिवस वेगळे, लसीच्या शिबिरात बायकांचा दिवस वेगळा. शिवाय मतदानाला शाळेत बायकांची रांग वेगळी लागते हे तर खरंच होतं. घनश्याम हुशार. त्याने खोट्यात चिमूटभर खरं घातलं होतं, आणि तेच घशाखाली उतरलं. ग्रामसेवक राहायचा तुमसरला, त्याला विचारायला कोण जाणार? आसारामने गावभर दवंडी दिली.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. एका दिवसाचा मोह सोडणं म्हणजे घरी आलेली लक्ष्मी परत पाठवणं. मतदान परवा आहे म्हटल्यावर पहाटेच टोपल्या घेऊन गावातल्या बाया जंगलात गेल्या. सासूबाईंसोबत मीही गेले. माझं ते पहिलंच मत होतं, पण मोहाची फुलं वेचताना ते कुणाच्या लक्षात राहतं.

आसाराम शाळेत पाण्याच्या कामावर होता. सकाळी श्यामरावांच्या घरच्या बाया नवी लुगडी नेसून रांगेत येऊन उभ्या राहिल्या. तो बिचारा आपला चांगुलपणाने सांगायला गेला, "बाई, तुमचं उद्या हाये. उन्हात कायले उभ्या राहता?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हसण्यानेच त्याला कळायचं ते कळलं.

तो मतदानाच्या साहेबांकडे गेला. साहेब त्रासलेले होते. "उद्या काही नाही, आजच आहे. बाया कुठे आहेत गावातल्या? हे कुणी सांगितलं त्यांना?"

"म्याच सांगतलं, साहेब," आसाराम म्हणाला.

त्याने साहेबांची परवानगी घेतली, घरून डफडं आणलं आणि जंगलात शिरला. मोहाच्या झाडाखाली आम्ही डफड्याचा आवाज ऐकला तेव्हा आधी वाटलं, वाघबिघ आलाय की काय. पाहतो तर आसाराम, घामाने निथळलेला, ओरडून ओरडून आवाज बसलेला. "चला वो बाया. मतदान आजच हाये."

कुणी उठेना. सासूबाई म्हणाल्या, "काल म्हने परवा, आज म्हने आज. कोनती दवंडी खरी मानाव आमी?"

त्याने डफडं गळ्यातून काढून आमच्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, "काल घनश्यामनं सांगतलं तसं म्या वाजवलं. आज म्या सोता साहेबाले इचारून आलो. खोटं निंगालं त हे डफडं फोडून टाका."

आम्ही टोपल्या तिथेच टाकून निघालो. मला मत देता आलं. कुणाला दिलं ते मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

आसाराम पुन्हा आत गेला, पण जंगल केवढं आणि डफडं केवढं. टेकडीपलीकडे गेलेल्या बायांना ते ऐकूच आलं नाही. सत्यभामा त्यांतच होती. ती दिवेलागणीला परतली तेव्हा मतपेट्या गेल्या होत्या. आसाराम तिच्या दारात उभा होता. ती एवढंच म्हणाली, "तुह्या हाकेवर मी जंगलात गेली, आसाराम." आणि त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणं सोडलं.

मुरारी थोडक्यात पडला. तलाव ठेकेदाराला गेला. ज्या पाण्यातले मासे सत्यभामा स्वतःचे म्हणून विकायची, तेच मासे ती मजुरीने वाहू लागली. घनश्यामला लोकांनी विचारलं तर तो सरळ कानावर हात ठेवून म्हणाला, "मी कधी म्हटलं?" मला त्याचा जितका संताप आला तितकीच आसारामची कीव आली. माणूस खंगला अक्षरशः.

पण त्यानंतर त्याने एक नवीनच रीत काढली. कोणतीही दवंडी असो, शेवटी तो सांगणाऱ्याचं नाव घेई. "गोमाजीची म्हैस हरवली हाये. सांगनारा गोमाजी." लोक हसले. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकतोय म्हणाले. पण हळूहळू गंमत अशी झाली, की गावातल्या निम्म्या बातम्या नाव द्यायच्या वेळीच मरायला लागल्या.

पुढची निवडणूक आली. मुरारी पुन्हा उभा राहिला. आदल्या दिवशी सकाळी घनश्याम पुन्हा हजर. "निवडनूक पुढं ढकलली म्हनून दवंडी दे."

"देतो ना भाऊ," आसाराम डफडं उचलत म्हणाला. "शेवटी तुमचं नाव घेतो."

"माझं नाव काहून?"

"तुमीच सांगून राहिले ना?"

घनश्याम आल्या पावली परत गेला. पण थाप काय डफड्यावाचून थांबते? तासाभरात ती घरोघर पोहोचली होती. मोह तर गळतच होता, बाया टोपल्या काढून बसल्या. आसाराम कुणाशी वाद घालत बसला नाही. तो पायी तुमसरला गेला, तहसील कचेरीत विचारलं, आणि दिवस बुडायच्या आत परतला.

दुसऱ्या दिवशी मुरारी निवडून आला, पुढे तलाव ढिवरटोलीला परत मिळाला, हे सगळं नंतरचं. मला आठवते ती मतदानाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. दवंडी देत आसाराम सत्यभामेच्या घरासमोर आला. मजुरीत मिळालेले थोडे मासे ती घरून विकायची, ते घ्यायला मी गेले होते, तिच्या अंगणातच उभी होते.

"मतदान उद्याच हाये. बायाईचंही अन् माणसाईचंही. तहसीलीत जाऊन आपल्या कानानं ऐकून आलो. सांगनारा आसाराम ढिवर."

स्वतःचं नाव त्याने दवंडीत पहिल्यांदाच घेतलं होतं. सत्यभामा मासे तसेच ठेवून दारात गेली. इतक्या वर्षांनी तिने त्याच्याकडे तोंड करून विचारलं, "सांगनारा कोन म्हनलास?"

"आसाराम ढिवर, वयनी."

मग आत वळून सुनेला म्हणाली, "टोपल्या ठेवून दे वो. उद्या मोहाले नाई जायाचं."