दहा वड्यांचं पाकीट

आमच्या कारखान्यात माल उणे अठरा अंशांवर ठेवला की वर्षभर टिकायचा. किस्से मात्र कँटीनच्या टेबलावर उघडे पडलेले असत, तरी एकही नासला नाही. मी नाशिकच्या सातपूरला एक्सपोर्टच्या कागदपत्रांचा क्लार्क होतो. निवृत्त झालो, पण किस्से साठतच गेले. जुने सहकारी भेटले की जो तो थोडी भर घालतो. मी रजेवर असताना घडलेल्या गोष्टींतही आता मी हजर असतो!

आम्ही हॉलंडला बटाटेवडे पाठवायचो. अर्धे तळलेले, गोठवलेले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिथल्या एका सुपरमार्केटवाल्या कंपनीने चाचणीपुरते तीन कंटेनर मागवले होते. माल पसंत पडला तर वर्षाचा करार. नाहीतर वड्यांची लाइन बंद आणि तिच्यावरच्या तीस बायका घरी. त्यांच्या मुख्य मखमलाबादच्या रंजनाताई. हजेरीकार्डाची ही त्यांची पहिलीच नोकरी. ते कार्ड त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पदराला पिनेने लावून आणायच्या.

* * *

बायकोचे मामा नामपूरचे, कांद्याचे शेतकरी. एकदा कारखाना बघायला आले. सगळं फिरून झाल्यावर म्हणाले, "तठे हॉलंडमा बटाटा नही शे का?"

"आहे की. रोज तोच खातात."

"आनि हाऊ बटाटा कोठला?"

"गुजरातचा."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग नाशिकनं काय शे यामा?"

आमचे मालक मागेच उभे होते. छाती पुढे काढून म्हणाले, "मिरची!"

* * *

ती मिरचीही फार दिवस टिकली नाही. नमुना पाठवला की हॉलंडहून फॅक्स यायचा: फार तिखट. मिरची निम्मी केली. तिखट. पुन्हा निम्मी केली. तरी तिखट! पाचव्या खेपेला मालकांनी रंजनाताईंना चव बघायला बोलावलं.

ताईंनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि हळूच मला विचारलं, "भाऊसाहेब, तिकडं कोनी आजारी हाय का?"

तोच नमुना पास झाला.

* * *

कोल्ड स्टोअर सांभाळायचे मनमाडचे अण्णा. डिसेंबरात त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे. मे महिना लागला की सगळ्या ऑफिसला मालाची काळजी वाटू लागायची! दार सारखं उघडून थंडी बाहेर जाते म्हणून अण्णांनी दाराशी रजिस्टर ठेवलं. नाव, वेळ, आत जाण्याचं कारण.

आठवड्याने मी ते चाळलं. कारणाच्या रकान्यात 'पाहणी', 'पाहणी', 'तातडीची पाहणी'. एकाच माणसाने खरं लिहिलं होतं: 'ऊन'.

सही मालकांची होती.

* * *

पहिला कंटेनर जाण्याआधी हॉलंडहून कंपनीचा तपासनीस आला. नाव यान. उंची अशी की आमच्या शेडच्या प्रत्येक दारापुढे त्याला मान झुकवावी लागे. त्याने नियम वाचला: लाइनवर दागिना चालणार नाही. लग्नाची साधी अंगठी तेवढी चालेल.

बांगड्या बायकांनी आधीच काढल्या होत्या. मंगळसूत्रावर गाडी अडली. मालकांच्या कपाळावर घाम. नियम मोडला तर शेरा, आणि शेऱ्यावर करार.

रंजनाताई पुढे झाल्या. "भाऊसाहेब, त्यांना विचारा, त्यांच्या बोटात काय हाय?"

मी विचारलं. यान म्हणाला, लग्नाची अंगठी.

"त्यांची अंगठी हातात, म्हंजी वड्याजवळ. माझं मंगळसूत्र कोटाच्या आत, वर गळ्यापर्यंत बटनं. वड्यात आधी काय पडंल?"

मी शब्दशः भाषांतर केलं. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत धाडसी काम. यानने अंगठीकडे पाहिलं, ती काढून खिशात टाकली आणि फॉर्मवर लिहिलं: 'बंद गळ्याच्या कोटाआड चालेल.'

मालक रंजनाताईंना म्हणाले, "ताई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

"मंग वडे कोनी केले असते?"

* * *

तिसरा कंटेनर पोहोचला आणि करार येण्याऐवजी फॅक्स आला. पाकिटावर छापलंय दहा. तिन्ही कंटेनरमधली पाकिटं उघडून पाहिली. प्रत्येकात अकरा. तीन दिवसांत खुलासा करा, नाहीतर पुढचा विचार करता येणार नाही.

मालक फॅक्स हातात घेऊन लाइनवर धावले, मी त्यांच्यामागे. पाकिटं हातानेच भरली जायची. काटा फक्त कमी वजन पकडायचा, जास्तीला त्याची हरकत नसे.

"रंजनाताई, मोजायला चुकलात कशा?"

"चुकंल कशी? धा मोजले आन् वर येक टाकला."

"का?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, जणू मालकांनाच बरं नाही. "लगीन झाल्यापासनं सासूसंगं बाजारात मेथी इकायला बसत व्हते. पाच जुड्या घेतल्या की वर येक. मोजून तेवढंच गिऱ्हाइकाच्या हातावर ठिवायचं? आन् हे तर पहिलंच गिऱ्हाईक!" मागच्या एकोणतीस जणींनी माना हलवल्या. त्यांतल्या बहुतेक मळ्यांतल्याच.

मालक खुर्चीत बसले. "भाऊसाहेब, मशीनचा बिघाड म्हणून लिहा."

"साहेब, पाकिटं भरायला आपल्याकडे मशीनच नाही."

मग मी खरं तेच लिहिलं. मेथी, जुडी, सासू, सगळं. मालकांनी डोळे मिटून सही केली. पुढचे चार दिवस ताई पिशवीतलं कार्ड काढायच्या, पुसायच्या आणि परत ठेवायच्या.

पाचव्या दिवशी फॅक्स वाजला. सोबत वर्षाचा करार होता. खाली यानने हाताने लिहिलं होतं: 'अकरावा वडा काढू नका. पाकिटावरचा आकडा बदला. अकरा छापा.'

मी धावतच लाइनवर गेलो आणि ओरडून सगळं वाचून दाखवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मालकांनी डोळे पुसले, अण्णा थंडीतून कोटासकट बाहेर आले.

रंजनाताईंनी शांतपणे हातमोजे चढवले आणि लाइनकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का गं? उद्यापासनं बारा."